निवडून काढलेले दाणे

नागपंचमीच्या आदल्या दिवशी वरच्या उघड्या सड्यावरच्या टॉवरवर वीज पडली आणि कातळवाडीची रेंज गेली ती गेलीच. दुरुस्तीला माणसं आली, पावसात भिजली, वर बघून चहा पिऊन परत गेली. आठवड्याने लवूने शोध लावला, की आपल्या घरापुढच्या खळ्यातल्या तुळशीच्या कट्ट्यावर फोन ठेवला तर रेंज येते. दोन हात इकडे नाही, दोन हात तिकडे नाही. बरोबर तुळशीकडे. तेव्हापासून मुंबईच्या झिलाशी, म्हणजे लेकाशी बोलायला अर्धी वाडी लवूच्या खळ्यात छत्री धरून उभी राहायची.

लवूच्या घराखालीच, चिऱ्याच्या पंचवीस पायऱ्या उतरलं की शाळा. चौथीपर्यंतची, तेवीस मुलांची. लवूची बायको सत्यवती त्या शाळेत पोषण आहार शिजवते. चौदा वर्षं झाली. पहाटे उठून मळ्यात बेणणीला जायचं, गुडघाभर चिखलात वाकून तण उपटायचं, नऊच्या ठोक्याला व्हाळाच्या वाहत्या पाण्यात हातपाय धुवायचे आणि पायऱ्या उतरून चुलीकडे. मागे गॅस आला, पण तिच्या तोंडी चूलच राहिली. पाठ दुखायची, पण ती पाठीचं नाव काढत नसे. नाव काढायची ते एकाच गोष्टीचं.

"चवदा वर्षां झाली," ती कोणालाही सांगायची, विचारो न विचारो. "एका पोराच्या दाताखाली खडो इलो नाय."

आणि ते खरं होतं. तांदूळ सुपात घेऊन बसली की तिच्यापुढे देव आला तरी ती वर बघत नसे. पाखडायची, निवडायची, मग तीन पाण्यांनी धुवायची, तिसरं पाणी निवळ दिसेपर्यंत. तिचा हात असा चालायचा की बघणाऱ्याने बघत राहावं.

तर त्या तुळशीकडे एक दिवस नम्रताबाई आल्या. नम्रताबाई बांद्याकडच्या, शाळेत तिसरं वर्ष. बोलायला गोड, कामाला चिवट, आणि पावसात निसरड्या पायऱ्यांवर दोनदा पडूनही सुट्टी न घेतलेल्या.

"काकी, माझो एक ऑनलाइन वर्ग आसा. पोषणाचो, शिक्षकांसाठी. मंगळवार आणि शुक्रवार, चार वाजता. हयसर जरा बसलंय तर चलात?"

"बसा ओ बाई. रेंज काय माझ्या बापाशीची आसा?"

लवूने कट्ट्याशेजारी स्टूल आणून ठेवलं, वर मोठी छत्री बांधून दिली. फोन तुळशीच्या पुढ्यात, पणती ठेवायच्या कोनाड्यात. बाई वही घेऊन स्टुलावर. सत्यवती पडवीच्या कडेला झाडूसाठी माडाच्या झावळांचे हीर काढत बसायची. कान मात्र फोनकडे.

फोनमध्ये ऋता मॅडम होत्या. चष्मा लावलेल्या, हसऱ्या, आणि समोर चौकोनाचौकोनांत जिल्हाभरचे शिक्षक. विजयदुर्गचे एक सर, आरोंद्याच्या एक बाई, आणखी कितीतरी. पहिल्या दोन वर्गांत मॅडमनी सांगितलं, की पावसाळ्यात फुकट उगवणाऱ्या भाज्या मुलांच्या ताटात आणा. टाकळा आणा, शेवग्याचा पाला आणा, डाळीत कुळीथ मिसळा.

सत्यवती हीर काढता काढता खुदकन हसली. टाकळा तर ती पहिल्या वर्षापासून घालत होती. शाळेमागच्या शेवग्याची फांदीही तिनेच लावली होती, आता ती कौलांपर्यंत गेली होती.

"ह्या शिकूक इतकी माणसा बसलीहत?" ती लवूला म्हणाली. "माझ्या आवशीन शाळेत न जाता ह्या केल्यान."

"मगे तूच बस त्या स्टुलार," लवू म्हणाला.

तिने मान उडवली, पण मनातून फुलली. त्या रात्रीच्या जेवणात लवूला खोबऱ्याचा तुकडा जास्त मिळाला.

पुढच्या वर्गाला मॅडमनी गृहपाठ दिला. शेवटच्या शुक्रवारी प्रत्येक शाळेने दहा मिनिटं बोलायचं, आपल्या स्वयंपाकघरातली एक चांगली गोष्ट दाखवायची. नम्रताबाईंना विचार करावाच लागला नाही.

"काकी, मी तुमचा निवडणा दाखवतलंय. खडो नाय, काडी नाय, चवदा वर्षां. तुमचो व्हिडिओ काढतंय."

सत्यवतीने त्या दिवशी धुवट पातळ नेसलं, केसांना तेल लावलं. सुपातले तांदूळ तिच्या बोटांखालून सरसर गेले. बाईंनी व्हिडिओ काढला आणि शाळा समितीचे अध्यक्ष गुरुदास यांना दाखवला. गुरुदास हा माणूस वाईट नव्हता, पण अध्यक्षपद त्याच्या अंगात आलं होतं. स्वयंपाकाचं काम दर वर्षी समिती नव्याने द्यायची आणि गुरुदासच्या भावजयीचा त्या कामावर डोळा होता, हे वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. तरी व्हिडिओ बघून तो म्हणाला, "बरा आसा. मी पण येतंय शुक्रवारी. शाळेचा नाव होवक व्हया."

आता व्हिडिओत एक गोष्ट होती, जी बाईंना दिसली नाही आणि गुरुदासला तर दिसणंच शक्य नव्हतं. सुपातून सत्यवती खडे काढत होती तसेच काही दाणेही काढत होती. जरा जास्त पांढरे, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. दोन वर्षांपूर्वी गोण्यांतून ते यायला लागले होते. वाडीत बोलणं होतं, तांदळात प्लास्टिक मिसळतात म्हणून. सत्यवतीने एक मूठ पाण्यात टाकून बघितली, तर ते वर आले. चांगला तांदूळ तळाला जातो, हे तिला आईने शिकवलं होतं. झालं, तिची खात्री पटली. तेव्हापासून रोज मूठभर दाणे ती निवडून बाजूला टाकायची. तिच्या मागोमाग पायऱ्या उतरून येणाऱ्या कोंबड्या ते टिपायच्या. आणि प्रत्येक गोणीतली पहिली मूठ ती एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवायची. कोणी साहेब तपासणीला आलाच, तर त्याच्यापुढे तो डबा ओतायचा आणि विचारायचं, की हे आमच्या पोरांना घालता होय रे? साहेब काही आला नाही. डबा भरत आला होता.

शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. पाऊस जरा थांबलेला, पागोळ्या गळत होत्या. ऋता मॅडमनी तळहात कॅमेऱ्यापुढे धरला.

"हे दाणे बघा. पोषण आहाराच्या तांदळात हे मिसळलेले असतात, शंभरात एक. तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह आहे, फॉलिक ॲसिड आहे, बी-बारा आहे. दिसायला वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते काढून टाकू नका, तांदूळ फार धुऊ नका, आणि भात वेळून पाणी ओतून देऊ नका."

सत्यवतीच्या हातातली झावळ खाली गेली. ती उठून पुढे आली आणि बाईंच्या खांद्यावरून फोनमध्ये बघितलं. तो तळहात. ते दाणे. तिने हजार वेळा बोटांत धरलेले.

"आपल्या तांदळात असतत काय ओ काकी हे?" बाईंनी सहज विचारलं.

"बघूक व्हया," सत्यवती म्हणाली आणि आत गेली. चौदा वर्षांत शाळेच्या कामाबद्दल ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने आत जाऊन उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

बुधवारी बाईंनी शाळेत मॅडमनी सांगितलेलं आणखी एक काम केलं. मुलांची उंची-वजन घ्यायचं आणि पापणी खाली ओढून डोळ्यांच्या आतली लाली बघायची. सत्यवती आमटीला फोडणी देऊन दारात उभी होती. एकेक मूल पुढे येत होतं. दुर्गा आली, तिसरीतली. गेल्या महिन्यात प्रार्थनेला उभी असताना ती दोनदा खाली बसली होती. बाईंनी तिची पापणी ओढली. आत लाली नव्हती, फिकं होतं.

"हिका आरोग्य केंद्रात नेवक व्हया," बाई स्वतःशी म्हणाल्या.

दुर्गा सत्यवतीची लाडकी. तिच्या ताटात सत्यवती न मागता दुसऱ्यांदा वाढायची. जास्तीचा भात. पांढराशुभ्र, तीन पाण्यांनी धुतलेला, निवडलेला भात. सत्यवतीला दारात उभं राहवेना. त्या दिवशी मुलांना वाढताना तिने एकाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

गुरुवारी पहाटे मळ्यात बेणताना तिने लवूला सांगितलं. दोघं वाकलेली, पाणी पोटऱ्यांपर्यंत, पाठीवर इरली. लवू ऐकत राहिला. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"म्हणान कोंबड्यो इतक्यो अंडी घालतत," तो म्हणाला.

सत्यवतीने चिखलाचा गोळा त्याच्याकडे भिरकावला. तो हसला नाही. जरा वेळाने म्हणाला, "कोणाक काय कळूचा नाय. डबो व्हाळात सोड. उद्यापासून निवडू नको. झाला."

"माका कळला ना."

"गुरुदासाक कळला तर तुझा काम जातला. तो वाटच बघता."

"जातला तर जातला," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच पटला नाही. काम जाणं म्हणजे नुसतं काम जाणं नव्हतं. चौदा वर्षं ती ज्या एका गोष्टीवर ताठ मानेने वाडीत चालत होती, तीच जाणार होती. उद्या बायका व्हाळावर म्हणतील, ही ती निवडणारी, हिने पोरांच्या तोंडचं कोंबड्यांना घातलं. ती पुन्हा वाकली आणि तण उपटत राहिली. उपटता उपटता दोन रोपंही उपटली गेली. ती तिने परत रोवली.

दुपारी मुलं जेवून गेल्यावर ती डबा घेऊन बाईंपुढे बसली.

"बाई, तो व्हिडिओ दाखवू नकात."

"कित्याक ओ? चांगलो झालोहा."

"चांगलो झालोहा, तोच वांधो." तिने झाकण काढलं. "हे बघा. गोणी फोडली की पयली मूठ हेच्यात. बाकीचे कोंबड्यांनी खाल्ल्यानी. दोन वर्षां."

बाईंनी दाणे हातात घेतले. सत्यवतीला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई उठल्या, कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणीची घडी उलगडली आणि तिच्यावरची अक्षरं वाचली.

"हयसर लिवलेला आसा, काकी. दर गोणीर. गोणी घेताना सही मी करतंय." त्या परत खाली बसल्या. "मी एकदा पण वाचूक नाय."

दोघी डब्याकडे बघत बसल्या. बाहेर पाऊस पुन्हा लागला.

"दुर्गाक माझ्यामुळे झाला?" सत्यवतीने विचारलं. कालपासून हाच प्रश्न तिची पाठ सोडत नव्हता.

"तसा कोण सांगूक शकणा नाय. कारणा बरीच असतत. तिका आज केंद्रात नेलला, गोळये सुरू झाले." बाईंनी तिचा हात धरला. "उद्या मी टाकळ्याचा सांगतंय. ता पण खराच आसा. ह्याचा आपण दोघी हयच सुधारूया. गुरुदास भाऊ येतले, उगीच तुमच्या कामार नको."

वाट सोपी होती, आणि दाखवणारं माणूस चांगलं होतं. सत्यवतीने डब्याचं झाकण लावलं. मग तिला फोनमधले ते चौकोन आठवले. विजयदुर्ग, आरोंदा, आणखी कितीतरी शाळा. प्रत्येक शाळेत एक चूल, प्रत्येक चुलीशी एक बाई, आणि त्यातली एखादी तरी आत्ता या घडीला सूप घेऊन बसली असेल.

"नको," ती म्हणाली. "मी बोलतंय."

शुक्रवारी चार वाजता खळ्यात माणसं मावेनात. लवूने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरून तो तुळशीशेजारी उभा होता. गुरुदास खुर्चीवर. त्याची बायको सुगंधा, दुर्गाची आई आणि चार-पाच बायका पडवीत. विजयदुर्गच्या सरांनी परसबागेचे फोटो दाखवले. मग ऋता मॅडम म्हणाल्या, "कातळवाडी?"

नम्रताबाई उठल्या. "आमच्याकडून आमच्या स्वयंपाकी ताई बोलतील."

सत्यवती स्टुलावर बसली नाही. उभीच राहिली, डबा पोटाशी धरून. फोनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि क्षणभर तिची जीभ टाळ्याला चिकटली. मग ती बोलली, तिला येत होतं त्या भाषेत.

"माझा नाव सत्यवती. मी शाळेत जेवण करतंय. चवदा वर्षां झाली, एका पोराच्या दाताखाली खडो इलो नाय. ह्या खरा आसा. आता दुसरा खरा सांगतंय. मी एक चूक केलंय."

तिने झाकण काढून डबा फोनपुढे कलता केला.

"हे दाणे मी दोन वर्षां निवडून टाकलंय. माका वाटला प्लास्टिकचे. रंग येगळो, माप एक, पाण्यार वर येतत. माका कोणी सांगूक नाय, पण मी पण कोणाक विचारूक नाय. मंगळवारी मॅडमनी हातात धरल्यानी तेवा माका कळला."

"म्हणजे?" गुरुदास खुर्चीतून उठला. "दोन वर्षां पोरांच्या पोटातला काढून कोंबड्यांका घातलंस तू? आणि ह्या जिल्ह्यापुढे सांगतंस?"

"तुमच्या पोटातला पण मी काढतंय," पडवीतून सुगंधा म्हणाली. सगळ्यांनी मागे बघितलं. ती तांबडीलाल झाली, पण थांबली नाही. "रेशनच्या तांदळात पण असतत हे. मी रोज निवडून टाकतंय. ह्या सगळ्यो टाकतत, विचारा." पडवीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. गुरुदास उभाच राहिला, मग हळूच बसला.

सत्यवतीने एक श्वास घेतला. पुढचं तिने ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप आलं.

"मॅडम, एक बोलतंय. ही चूक आळशी बायेच्या हातान होवची नाय. आळशी बाय निवडणाच नाय. तिच्या शाळेतल्या पोरांका सगळा गावला. जिना जीव लावून निवडल्यान, तिच्याच पोरांचा गेला. म्हणान चांगल्या काम करणाऱ्या बायांका आदी सांगा. आणि ओरडान सांगू नकात. दाणे हातात देवन सांगा."

फोनमध्ये कोणी हललं नाही. लवूला वाटलं रेंज गेली. तो छत्रीसकट पुढे वाकला. तेवढ्यात आरोंद्याच्या बाईंचा आवाज आला. "मॅडम, आमच्या मावशीपण निवडतात. मीच त्यांचं कौतुक करत असते." मग आणखी एक चौकोन उजळला, मग आणखी दोन. विजयदुर्गचे सर म्हणाले की उद्या पहिल्यांदा जाऊन चुलीकडे बघतो. ऋता मॅडम चष्मा काढून पुसत होत्या.

"सत्यवतीताई," त्या म्हणाल्या, "सहा आठवडे मी शिकवलं. आज मी शिकले. तुम्ही हे पुन्हा एकदा बोलाल का? आम्ही नीट रेकॉर्ड करतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात हे पोहोचायला हवं. तुमच्याच भाषेत, अगदी आत्ता बोललात तसं."

सत्यवतीने नम्रताबाईंकडे बघितलं. बाईंचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. मग तिने गुरुदासकडे बघितलं. गुरुदासने घसा खाकरला.

"सांग," तो म्हणाला. "कातळवाडीचा नाव मात्र पयला घे."

लवूला आपल्या बायकोचा इतका अभिमान वाटला की काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने छत्री आणखी वर धरली आणि छत्रीवरचं सगळं पाणी गुरुदासच्या मांडीवर सांडलं.

सत्यवती दुसऱ्यांदा बोलली, कातळवाडीचं नाव पहिलं घेऊन. यावेळी जीभ कुठे अडली नाही.

सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी पायऱ्या उतरली. मागोमाग कोंबड्या. रात्री पडून गेलेल्या पावसाने चिरे काळे झाले होते. शाळेच्या ओट्यावर तिने सूप घेतलं, तांदूळ पाखडला, एक खडा निघाला तो भिरकावला. बोट सवयीने पुढे गेलं आणि पांढऱ्या गुळगुळीत दाण्यावर थांबलं. तिने तो चिमटीत उचलला. अंगठ्याने जरा फिरवून बघितला. मग परत सुपात ठेवला आणि वरून हात फिरवून तांदळात मिसळला.

दोनच पाण्यांत तांदूळ धुऊन तिने पातेल्यात ओतला. दाणे वर आले. ती तरंगणाऱ्या दाण्यांकडे बघत राहिली, मग पळीने खाली ढवळले आणि झाकण ठेवलं. शाळेत प्रार्थना सुरू झाली होती. दुर्गा दुसऱ्या ओळीत उभी होती, डोळे मिटून, सगळ्यांच्या वरचा सूर लावून.

दारात कोंबड्या जमल्या होत्या. माना वाकड्या करून, रोजच्या मुठीची वाट बघत. सत्यवतीने दोन्ही हात त्यांच्यापुढे उघडून दाखवले.

"जावा आता," ती म्हणाली. "पोरांचा पोरांका."